दुसरा दरवाजा : व्यावसायिक कुस्तीतील धाकट्या कंपनीचे अर्थकारण

विषयप्रवेश

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात पूर्ण स्पर्धा, मक्तेदारी, अल्पविक्रेताधिकार ही प्रकरणे ओळीने येतात. परीक्षेपुरत्या त्यांच्या व्याख्या पाठ होतात, आकृत्याही बिनचूक काढता येतात. परंतु या आकृत्यांच्या मागे चालतीबोलती माणसे असतात आणि त्यांची रोजीरोटी असते, ही गोष्ट बहुधा निसटून जाते. म्हणून प्रस्तुत लेखात एकच धंदा उदाहरणादाखल घेऊन या संकल्पना तपासून पाहावयाच्या आहेत. तो धंदा म्हणजे दूरचित्रवाणीवर दिसणारी अमेरिकन पद्धतीची व्यावसायिक कुस्ती.

प्रश्न साधा आहे. एका बलाढ्य कंपनीने सारी बाजारपेठ व्यापली असता तेथे धाकट्या कंपनीचे स्थान काय? थोरलीला हरविणे तिला कधीच जमले नाही, तर तिचे असणे व्यर्थ गेले असे म्हणावे काय? हा विषय नाशिकच्या विद्यार्थ्याला दूरचा वाटण्याचा संभव आहे. तथापि अशीच एक धाकटी अमेरिकन कंपनी २०१२ साली आपल्या पुण्यात येऊन गेली. आणि तिच्यापुढचा प्रश्न, थोड्या वेगळ्या रूपात, लासलगावच्या बाजारात कांद्याची ट्रॉली घेऊन उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यापुढेही रोजच असतो.

ठरलेली कुस्ती आणि निकाली कुस्ती

प्रथम शंका दूर करावयास हवी. या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो, मग तिचा अभ्यास कशाला करावा, असे कोणी म्हणेल. आपल्याकडे अशा लढतीला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात आणि हा शब्द शिवीसारखा वापरतात. मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागला. तेथे ठरवून लढणारा मल्ल मैदानातून मान खाली घालूनच बाहेर पडतो.

अमेरिकेत मात्र ठरवून लढण्याचा हा प्रकार खेळापासून अलग होऊन एक स्वतंत्र करमणूक बनला. १९८९ साली तेथील सर्वात मोठ्या कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे आपली कुस्ती ही स्पर्धा नसून करमणूक असल्याचे कबूल केले. या कबुलीमागे सत्यप्रेम कमी आणि हिशोब अधिक होता. क्रीडास्पर्धांवर असलेले सरकारी नियंत्रण व कर यांतून सुटका व्हावी, हा तिचा हेतू होता. तेव्हा हा प्रकार लोकनाट्याच्या जातीचा समजावा. वगातला राजा खरा राजा आहे की नाही, हे तमाशाचा प्रेक्षक विचारीत नाही. तो राजा रंगला की नाही, एवढेच तो पाहतो. फरक इतकाच की येथे नटाला खरोखरच उंचावरून अंग टाकावे लागते. निकाल ठरलेला असला तरी मोडलेले हाड ठरलेले नसते. म्हणूनच या नटमल्लांच्या श्रमाचा मोबदला कोण ठरवितो, हा प्रश्न गंभीर होतो.

मक्तेदारी कशी निर्माण झाली

या धंद्यात मक्तेदारी पहिल्यापासून नव्हती. १९४८ साली अमेरिकेतील निरनिराळ्या प्रांतांतल्या कुस्ती-व्यवस्थापकांनी ‘नॅशनल रेसलिंग अलायन्स’ नावाचा संघ स्थापन केला. प्रत्येकाने आपापला मुलूख सांभाळावा आणि दुसऱ्याच्या हद्दीत शिरू नये, असा त्यांचा आपसातला करार होता. अर्थशास्त्राच्या भाषेत हा विक्रेत्यांचा संगनमताचा गट होय. त्यात दोष होतेच. परंतु एका मुलखात पटले नाही तर मल्लाला दुसऱ्या मुलखात काम शोधण्याची सोय होती.

१९८२ साली व्हिन्सेंट मॅकमॅहन यांनी आपल्या वडिलांकडून न्यूयॉर्क भागातील कंपनी विकत घेतली. पुढे ती वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफ, या नावाने जगभर गाजली. त्यांनी हद्दीचा जुना करार धाब्यावर बसविला. केबल दूरचित्रवाणीने हद्दी पुसल्या आहेत, हे त्यांनी इतरांच्या आधी ओळखले होते. इतरांच्या मुलखातील नामवंत मल्ल आपल्याकडे ओढून त्यांनी आपले कार्यक्रम देशभर दाखविले. ३१ मार्च १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिला ‘रेसलमेनिया’ झाला आणि मुलखामुलखातील छोटे व्यवस्थापक एकामागून एक नाहीसे होऊ लागले.

एक तुल्यबळ प्रतिस्पर्धी मात्र उभा राहिला. १९८८ साली माध्यमसम्राट टेड टर्नर यांनी दक्षिणेतील एक कंपनी घेतली व तिला वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग हे नाव मिळाले. सप्टेंबर १९९५ पासून दोन्ही कंपन्यांचे कार्यक्रम सोमवारी रात्री एकाच वेळी लागू लागले. १९९६ ते १९९८ या काळात सलग ८३ आठवडे टर्नर यांच्या कंपनीने प्रेक्षकसंख्येत थोरलीला मागे टाकले होते. तरीही मार्च २००१ मध्ये याच कंपनीची मालमत्ता तिच्या प्रतिस्पर्ध्याने विकत घेतली. त्याच वर्षी ई.सी.डब्ल्यू. ही तिसरी कंपनीही दिवाळ्यात गेली. एका वर्षात तिघींची एक झाली. जागतिक वन्यजीव निधीशी आद्याक्षरांवरून झालेल्या न्यायालयीन वादामुळे २००२ साली या कंपनीला आपले नाव बदलून वर्ल्ड रेसलिंग एंटरटेनमेंट, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई, करावे लागले.

नाव बदलले तरी आपल्याकडील मुलांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. नव्वदीच्या दशकात शाळेच्या मधल्या सुट्टीत मुले ज्या पत्त्यांनी खेळत, त्यांना ‘डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते’ म्हणत. आणि कोणत्याही कंपनीची अशी कुस्ती दिसली तरी तिला तेच नाव देत. वनस्पती तुपाला डालडा म्हणावे, तसाच हा प्रकार. एका विक्रेत्याचे नाव हेच वस्तूचे नाव होऊन बसणे, हा नव्या प्रवेशकासमोरचा सर्वात उंच अडथळा होय. भांडवल उसने आणता येते; लोकांच्या जिभेवरचे नाव उसने मिळत नाही.

एकच गिऱ्हाईक

मक्तेदारीचा विचार करताना आपण सहसा विकणाऱ्याकडे पाहतो. विक्रेता एकच असला तर ग्राहकाला चढा भाव द्यावा लागतो, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु मक्तेदाराला दुसरी बाजूही असते. तो स्वतः श्रम विकत घेतो. श्रम घेणारा एकटाच असला तर श्रम विकणाऱ्याला तो सांगेल तो भाव घ्यावा लागतो.

ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात समजावून सांगण्याची गरज पडू नये. कांद्याची ट्रॉली भरून शेतकरी पहाटे लासलगावला येतो. लिलावात बोली बोलणारे व्यापारी थोडे असले, तर माल कितीही चांगला असला तरी भाव वर सरकत नाही. माल परत नेण्याचा खर्च अंगावर येणार असतो, कांदा सडणार असतो आणि व्यापाऱ्याला ते ठाऊक असते. अशा वेळी पिंपळगाव बसवंतचा बाजार काही अंतरावर आहे, तेथे आज काय भाव निघाला, ही बातमी शेतकऱ्याच्या खिशातल्या पैशाइतकीच मोलाची ठरते. दुसऱ्या बाजारात तो प्रत्यक्ष जाईलच असे नाही. पण जाता येते, एवढ्यानेच पहिल्या बाजारातील बोलीला थोडा आधार मिळतो.

२००१ नंतर अमेरिकन नटमल्लाची स्थिती एकच बाजार उरलेल्या शेतकऱ्यासारखी झाली. त्याची कला अन्य कोठे विकण्याजोगी नाही. त्याचे शरीर हेच त्याचे भांडवल, आणि तेही कांद्याप्रमाणे टिकाऊ नाही. पस्तिशी-चाळिशीनंतर त्याची किंमत उतरत जाते. शिवाय ही कंपनी आपल्या मल्लांना नोकर न मानता स्वतंत्र कंत्राटदार मानते, आणि त्यांची कामगार संघटनाही नाही. सिनेमातील नटांना संघटनेचे जे पाठबळ आहे, ते या नटांना लाभलेले नाही. एवंच, मोबदला ठरविताना मल्लाच्या हाती एकच शस्त्र उरते : ‘मी दुसरीकडे जाईन’ असे म्हणणे. दुसरीकडे काही नसेल तर तेही बोथट होते.

धाकटीचा जन्म

या पोकळीत २००२ साली जेरी जॅरेट आणि त्यांचे चिरंजीव जेफ जॅरेट यांनी टोटल नॉनस्टॉप ॲक्शन, म्हणजे टी.एन.ए., ही कंपनी काढली. जेरी हे जुन्या मुलखी पद्धतीतले मुरलेले व्यवस्थापक, तर जेफ स्वतः नामांकित मल्ल. १९ जून २००२ रोजी अलाबामा राज्यातील हंट्सव्हिल येथे पहिला कार्यक्रम झाला.

कोणतीही मोठी वाहिनी या नव्या कंपनीला वेळ द्यावयास तयार नव्हती. म्हणून तिने वेगळाच मार्ग काढला. दर बुधवारी कार्यक्रम करावयाचा आणि ज्याला पाहावयाचा असेल त्याने घरबसल्या सुमारे १० डॉलर भरून तो पाहावयाचा. मार्ग धाडसाचा होता, पण खर्च भरून निघेना. वर्ष संपण्यापूर्वीच टेक्सासमधील पांडा एनर्जी या ऊर्जा कंपनीने बहुसंख्य हिस्सा घेतला, म्हणून ती तगली. २००४ साली तिला एका क्रीडावाहिनीवर वेळ मिळाली, परंतु त्या वेळेचे पैसे कंपनीलाच मोजावे लागत. थोरलीला वाहिन्या पैसे देत; धाकटी वाहिनीला पैसे देत होती. प्रवेशातील अडथळा म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. पुढे ऑक्टोबर २००५ मध्ये स्पाइक टी.व्ही. या वाहिनीवर तिला हक्काची जागा मिळाली. तीही थोरली कंपनी ती वाहिनी सोडून गेल्यानंतर.

वेगळेपण आणि अनुकरण

वस्तुभेद ही संकल्पना आपण शिकतो. किमतीत टक्कर देता येत नसेल तर वस्तू वेगळी करावी, असे तिचे सार आहे. धाकट्या कंपनीने हे प्रथम उत्तम रीतीने साधले. थोरलीकडे धिप्पाड देहांचे कौतुक होते. धाकटीने लहान चणीच्या पण चपळ मल्लांसाठी ‘एक्स डिव्हिजन’ हा विभाग काढला. वजनाची मर्यादा हा त्याचा निकष नव्हता, अचाट कसब हा होता. ए.जे. स्टाइल्स हा या विभागाचा पहिला विजेता. भारतीय वंशाचा संजय दत्त नावाचा मल्लही याच विभागात पुढे आला. आपल्या नटाशी त्याचे फक्त नामसाम्य आहे. २००४ मध्ये कंपनीने चौकोनी रिंगऐवजी षट्कोनी रिंग वापरावयास सुरुवात केली. दूरचित्रवाणी लावताच हा कार्यक्रम कोणाचा, हे बघणाऱ्याला एका नजरेत कळे. २००६ साली, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीचे सुवर्णपदक मिळविणारा कर्ट अँगल थोरलीला सोडून धाकटीकडे आला. दुसरा दरवाजा उघडा असला की केवळ नवख्यांनाच नव्हे तर अव्वल मल्लालाही त्याचा उपयोग होतो, हे त्यावरून दिसले.

त्यानंतर मात्र कंपनीने वाट बदलली. हल्क होगन आणि टर्नर यांच्या कंपनीचे पूर्वीचे सूत्रधार एरिक बिशॉफ यांना तिने आणले. ४ जानेवारी २०१० रोजी सोमवारच्या रात्री थोरलीच्या समोरासमोर कार्यक्रम करण्यात आला आणि त्याच महिन्यात षट्कोनी रिंग मोडीत काढून चौकोनी बसविण्यात आली. मार्चपासून दर सोमवारी ही टक्कर सुरू झाली. दोनच महिन्यांत, मे २०१० मध्ये, कंपनीला पुन्हा गुरुवारी परतावे लागले.

या घटनेचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. थोरलीसारखी वस्तू थोरलीच्याच वेळेला विकावयास ठेवली, तर ग्राहकाने धाकटीकडे का यावे? अस्सल समोर असताना नक्कल घेण्याला एकच कारण असते, ते म्हणजे स्वस्ताई. आणि येथे दोन्ही वस्तू प्रेक्षकाला सारख्याच दराने मिळत होत्या. मोठ्याची बरोबरी करण्याच्या नादात धाकटीने आपले वेगळेपण गमावले आणि बरोबरीही साधली नाही. आमच्या मते या कंपनीच्या इतिहासातील हा सर्वात शिकण्याजोगा धडा आहे.

बालेवाडीचा प्रयोग

अमेरिकेत वाट अडल्यावर कंपनीने भारताकडे नजर वळविली, यात नवल नाही. थोरलीने येथे आधीच पाय रोवले होते. पंजाबी मल्ल दलीपसिंग राणा याला तिने २००६ मध्ये ‘द ग्रेट खली’ या नावाने पुढे आणले आणि २००७ साली त्याला आपले जागतिक अजिंक्यपद दिले. असा प्रकार भारताला नवा नव्हता. पन्नास-साठच्या दशकांत दारासिंग आणि किंगकाँग यांच्या लढतींनी मुंबईकरांना वेड लावले होते.

धाकट्या कंपनीने ‘रिंग का किंग’ हा हिंदी कार्यक्रम तयार केला. त्याचे चित्रण पुण्यातील बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात झाले. २८ जानेवारी ते २२ एप्रिल २०१२ या काळात कलर्स वाहिनीवर शनिवार-रविवारी त्याचे २६ भाग दाखविण्यात आले. जेफ जॅरेट त्यामागे होते आणि प्रसिद्धीसाठी क्रिकेटपटू हरभजनसिंग याला घेतले होते. परदेशी मल्लांच्या जोडीला भारतीय तरुण होते; त्यांना महाबली वीरा, महाबली शेरा, रोमिओ राप्टा, डेडली डंडा, पागल परिंदा अशी नावे देण्यात आली.

आता वस्तुभेदाच्या कसोटीवर हा प्रयोग तपासू. हिंदी भाषा आणि देशी चेहरे या दोन गोष्टी थोरलीकडे त्या प्रमाणात नव्हत्या. तेवढ्यापुरते वेगळेपण खरे होते. परंतु कार्यक्रमाचा सांगाडा अमेरिकन होता. पुणे हे तालमींचे शहर. ज्या संकुलात हे चित्रण झाले, त्याच्या आसपासच्या मुळशी-मावळ भागात कुस्ती ही करमणूक नसून घराण्याची प्रतिष्ठा आहे. हलगी, लाल माती, वस्ताद, तालमीतालमींमधली पिढीजात चुरस अशी नाट्याची खाण पायाशी असता, पडद्यावर जे दिसले ते मुख्यतः परदेशी साच्यातले नाट्य होते. या मातीचा उपयोग केला असता तर कार्यक्रम टिकलाच असता, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. कारण मातीवर प्रेम करणारा प्रेक्षक ठरलेल्या निकालाला हसण्याचाही संभव होता. पण थोरलीकडे नसलेली आणि तिला सहजी आणता न येणारी गोष्ट एवढीच होती.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची. कार्यक्रमाचा दुसरा हंगाम झाला नाही. एका वाहिनीवर सारे अवलंबून होते. वाहिनीचा पडदा मिटला तसा देशी मल्लांसाठी उघडलेला दरवाजाही मिटला. त्यातील महाबली शेरा पुढे अमेरिकेत त्याच कंपनीत गेला व तेथून थोरलीच्या प्रशिक्षणकेंद्रातही पोहोचला. त्या तीन महिन्यांनी त्याच्यापुरती वाट करून दिली, हे नाकारता येत नाही. परंतु धाकटी कंपनी मल्लांचे दुसरे गिऱ्हाईक असली, तरी तिलाही स्वतःचे गिऱ्हाईक लागते, आणि ते एकच असेल तर ती मल्लांइतकीच असहाय असते. अमेरिकेतही हेच घडले. २०१४ अखेर स्पाइक वाहिनीवरची तिची जागा गेली. त्यानंतर लहानलहान वाहिन्यांवर फिरून २०१७ साली ती कॅनडातील अँथम या माध्यमकंपनीच्या हाती गेली. ए.जे. स्टाइल्स तोपर्यंत बाहेर पडला होता. जपानमार्गे तो जानेवारी २०१६ मध्ये थोरलीकडे गेला आणि त्याच वर्षी तिचा अजिंक्यवीर झाला. धाकटीने चौदा वर्षांपूर्वी पेरलेले पीक थोरलीच्या खळ्यात गेले. हा धाकटीचा पराजय खरा. परंतु स्टाइल्सच्या दृष्टीने पाहता त्याला स्वतःची किंमत सिद्ध करावयास जागा मिळाली, ती धाकटीमुळेच.

आपल्या जत्रेचा बाजार

या पार्श्वभूमीवर आपल्याकडील कुस्तीचे अर्थकारण पाहिले म्हणजे एक वेगळेच चित्र दिसते. आपल्या जिल्ह्यात निफाड, सिन्नर, चांदवड, मालेगाव, कोठेही जा. गावच्या यात्रेत कुस्त्यांची दंगल असतेच. यात्रा कमिटी वर्गणी काढते. पोरासोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर लागतात. इनाम वाढत वाढत शेवटच्या मोठ्या जोडीपर्यंत जाते. एखादा गावकरी फेटा सावरीत मध्येच उठतो आणि आवडत्या पैलवानासाठी आपल्या पदरचे शे-पाचशे जाहीर करतो. एका गावात इनाम बेताचे वाटले तर पैलवान दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावची यात्रा गाठतो.

म्हणजे येथे कसब विकत घेणारी गिऱ्हाइके शेकडो आहेत आणि त्यांपैकी कोणीही एकटे भाव ठरवू शकत नाही. पाठ्यपुस्तकातल्या पूर्ण स्पर्धेच्या इतके जवळ जाणारे उदाहरण शोधूनही मिळणे कठीण. मात्र केवळ एवढ्याने पैलवानाचे भले होते, असे समजण्याचे कारण नाही. प्रत्येक गिऱ्हाईक लहान असते. हंगाम चार महिन्यांचा. खुराकाचा खर्च बारमाही. हात निखळला तर कोणतीही यात्रा कमिटी दवाखान्याचे बिल वर्षभर भरीत नाही. स्पर्धा पैलवानाला स्वातंत्र्य देते, सुरक्षितता देत नाही. या दोन गोष्टी विद्यार्थ्यांनी अलग ठेवाव्यात.

म्हणूनच मानाच्या किताबाचे महत्त्व वाढते. १९५३ साली स्थापन झालेली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब देत आली. ज्याच्या खांद्यावर ती गदा येते, त्याचा यात्रेतला भाव रातोरात बदलतो. ७ जानेवारी २०२० रोजी नाशिकच्या बाजूने उतरलेल्या हर्षवर्धन सदगीर याने लातूरच्या शैलेश शेळके याला नमवून ही गदा जिंकली. आपल्याजवळच्या भगूर येथील बलकवडे व्यायामशाळेत घडलेला हा मल्ल पुढे पुण्यात काका पवार यांच्या तालमीत गेला होता. अंतिम फेरीतला त्याचा प्रतिस्पर्धीही त्याच तालमीतला. आणि ही लढत झाली कोठे? बालेवाडीतच. आठ वर्षांपूर्वी जेथे ठरलेल्या कुस्त्यांचे चित्रण झाले, तेथेच ही निकाली कुस्ती झाली.

पुढे संघटनांमध्ये वाद होऊन २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र केसरीच्या दोन स्पर्धा झाल्या. पुण्याजवळ फुलगाव येथे सिकंदर शेख विजयी झाला; धाराशिव येथे शिवराज राक्षे याने आपल्या हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा मिळविली. २०२५ मध्येही अहिल्यानगर आणि कर्जत अशा दोन ठिकाणी दोन महाराष्ट्र केसरी झाले. दुसरा दरवाजा चांगला, हा आमचा सिद्धांत येथे लागू होतो काय? आमच्या मते तो जसाच्या तसा लागू होत नाही. इनाम देणारे दोन झाले तर पैलवानाचा लाभच आहे. परंतु किताबाचे मोल तो एकमेव असण्यात असते. एकाच नावाच्या दोन गदा काढणे म्हणजे वस्तुभेद न करता नुसती नक्कल बाजारात आणणे होय. दुसऱ्या संस्थेने निराळ्या नावाचा, निराळ्या स्वरूपाचा किताब काढला असता, तर पैलवानाला दोन मान मिळाले असते; आज त्याच्या वाट्याला अर्धा मान येण्याचे भय आहे.

समारोप

अलीकडच्या घटनांचा उल्लेख करून विवेचन संपवू. २०१९ साली ऑल एलिट रेसलिंग ही नवी कंपनी मोठ्या भांडवलाच्या बळावर उभी राहिली आणि पहिल्याच वर्षी तिला राष्ट्रीय वाहिनी मिळाली. २७ ऑगस्ट २०२३ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर तिने अफाट गर्दी जमविली. जानेवारी २०२२ मध्ये मेजर लीग रेसलिंग या छोट्या कंपनीने थोरलीवर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला; २०२३ अखेर त्यात तडजोड झाली. आणि आपली टी.एन.ए.? जानेवारी २०२५ मध्ये तिने थोरलीशीच अनेक वर्षांचा सहकार्याचा करार केला. एकीचे मल्ल दुसरीच्या रिंगणात दिसतात, धाकटीला प्रेक्षक लाभतो. कंपनी जगली, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु दुसऱ्या दरवाजाची किल्ली पहिल्या घराच्या मालकाकडे राहिली, तर त्याला दुसरा दरवाजा म्हणता येईल काय, हा विचार विद्यार्थ्यांनी अवश्य करावा.

या विवेचनातून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, धाकट्या कंपनीचे यश तिने थोरलीला हरविले की नाही यावर मोजू नये. श्रम विकणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची ताकद तिच्यामुळे आली की नाही, यावर मोजावे. दुसरा, ही ताकद ती वेगळी राहील तोपर्यंतच देऊ शकते. अनुकरणाच्या वाटेने गेली की ती प्रेक्षकही गमावते आणि प्रयोजनही. तिसरा, धाकटीला स्वतःची गिऱ्हाइके अनेक हवीत. एका वाहिनीच्या खुंटीवर टांगलेला संसार त्या खुंटीबरोबरच खाली येतो.

पिंपळगावचा बाजार लासलगावला हरवावयास निघालेला नाही. तो भरतो, एवढ्यानेच कांदेवाल्याच्या पाठीत थोडा ताठपणा येतो. मक्तेदारीचे प्रकरण वाचताना आकृतीतील दोन रेषा कोठे छेदतात एवढेच पाहून न थांबता, त्या छेदनबिंदूवर उभ्या असलेल्या माणसाला दुसरीकडे जावयास वाट आहे काय, एवढे जरी आपण विचारावयास शिकलो, तरी या विषयाचा अभ्यास सार्थकी लागला असे म्हणता येईल.